समोरच तर बसले होते

२० जानेवारी

पातेलं करपलं. परत! अळूची पानं नारळाच्या दुधात ठेवली होती चुलीवर आणि मी फोनमध्ये. ऑकलंडच्या एका बाईला चटईचे फोटो हवे होते. एक उजेडातला, एक उलट्या बाजूचा, एक कडेची वीण जवळून. सगळे काढले, पाठवले. तर म्हणते, 'बघते, विचार करून सांगते.' घ्या! तोवर खाली कोळसा.

सेमिसीने काळं बाजूला सारून मुकाट्याने खाल्लं. नवरा असा की मीठ नसलं तरी सांगणार नाही. सासूबाईंनी मात्र कसर भरून काढली. 'फुसी, आज फोन शिजवलास होय गं?' आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की ठसका लागला. मी ओरडले त्यांच्यावर. मग वाईट वाटलं. मग परत फोन वाजला.

दमलेय. दिवसभरात धड काही केलं नाही आणि तरी दमलेय, ह्याचाच जास्त राग येतो. देवळातल्या गाणाऱ्यांचा ग्रुप, चटयांचा ग्रुप, सेमिसीच्या भावकीचा ग्रुप, माझ्या माहेरचा ग्रुप. प्रत्येकात कुणी ना कुणी 'फुसी, तू का बोलत नाहीस?' म्हणून बसलेलं.

म्हणून ही वही काढली. ही तरी वाजत नाही.

२१ जानेवारी

ठरवलं होतं, उठल्यावर आधी तोंड धुवायचं, मग फोन. तोंड दुपारी धुतलं.

२५ जानेवारी

आज मुकादमाचा निरोप आला. आमच्याच बेटावरचा माणूस, ऑस्ट्रेलियात बस्तान बसवलंय, दर वर्षी इथून पुरुष नेतो शेतांवर. यंदा टोमॅटोला लवकर माणसं लागतायत. येणाऱ्यांची नावं आजच्या आज कळवा, म्हणाला. सेमिसीकडे साधा फोन आहे, तोही बहुतेक वेळा होडीत विसरलेला. म्हणजे कळवायचं मीच.

तो समोर बसून नारळ खवत होता. सासूबाई दाराशी आडव्या पडल्या होत्या. मी नेमकी ऑकलंडवालीशी झुंजत होते. तिला आता कड लाल हवी होती. मी म्हटलं, 'सेमिसी, मुकादम विचारतोय. यंदा घरीच राहतोस का? तसं असेल तर नाही म्हणून कळवते.'

काही नाही! हूं नाही की चूं नाही. खवणीचा आवाज तेवढा चालू.

आता ह्याच्या मनातलं मी ओळखायचं किती? वादळात उडालेलं अर्धं छप्पर अजून ताडपत्रीवर आहे, लेक एलेनोआ मोठ्या बेटावर शिकतेय, तिचं सगळं करायचंय. नाही जायचं तर माणूस नाही म्हणेल की! मी नाव पाठवून दिलं. 'पाठवलं बरं का,' म्हटलं. मान वर केली तेव्हा खवलेलं खोबरं तिथे होतं, हा नव्हता. जाळ्याकडे गेला असेल.

२६ जानेवारी

लाल कड रद्द. बाई ऑकलंडातच कुठूनशी चटई घेऊन मोकळी झाली. कपाळ माझं.

७ फेब्रुवारी

गेला.

बोट उशिरा लागली. धक्क्यावर ही गर्दी. सासूबाई त्याच्या गळ्यात पडून रडल्या, मी फोटो काढत होते. एलेनोआला हवा होता, नणंदेला हवा होता, ग्रुपवर टाकायचा होता. तेवढ्यात भोंगा झाला. तो काहीतरी बोलला, भोंग्यात ऐकू आलं नाही. 'काय?' म्हणेपर्यंत शिडी चढून गेलासुद्धा.

फोटो झकास आलाय. सगळ्यांनी हृदयं पाठवली. तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, एवढंच.

घर रिकामं वाटतं. एरवी तरी तो असा काय बोलायचा? पण असायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज हसून पोट दुखलं. नणंदेचा फोन आला. सासूबाईंच्या कानाला लावून दिला. ती विचारतेय, 'आई, तब्येत बरी आहे ना?' ह्या भुवया वर करतात. 'औषध घेतेस ना?' परत भुवया वर. 'देवळात जाऊन आलीस?' ह्यांच्या भुवया कपाळात! आणि नणंद तिकडून 'हॅलो? हॅलो? आई, आहेस का गं?' करून घसा फोडतेय. मी म्हटलं, 'अहो आई, तिला तुमच्या भुवया दिसत नाहीत! तोंडाने हो म्हणा!' तर माझ्यावरच डाफरल्या. 'हो म्हणायला तोंड कशाला लागतं? देवाने भुवया उगाच दिल्यात?'

खरंय म्हणा. आमच्याकडे उभा गाव भुवयांवर 'हो' म्हणतो. दुकानात साखर आहे का विचारा, दुकानदार भुवया उचलणार. मीसुद्धा किती वेळा फोनवर तेच करते आणि समोरचा बोंबलत राहतो.

४ मार्च

सेमिसीचा फोन. फोन कसला! मी बोलले, त्याने ऐकलं.

'जेवलास का?' 'हं.' 'काम जड आहे का?' 'नेहमीचंच.' 'काय झालंय तुला?' 'काही नाही.'

मागच्या वर्षी निदान शेजारच्या खाटेवरचा कसा घोरतो ते तरी सांगायचा. यंदा कसल्या रागात आहे देव जाणे. मी काय घोडं मारलंय ह्याचं? सरळ विचारलंही. तर म्हणाला, 'झोपतो आता.' माझा जीव मेटाकुटीला आलाय आणि हा झोपतो.

११ मार्च

आज अब्रू गेली.

आम्ही बायका केवड्याच्या पातींच्या चटया विणायला कालोलाइनेच्या पडवीत बसतो. आळीपाळीने एकेकीची चटई सगळ्यांनी मिळून विणायची. आज पाळी कालोलाइनेची. तिच्या लेकीच्या लग्नाची चटई, पाती इतक्या बारीक की डोळ्यांत पाणी येतं. माझा फोन मांडीवर. मुकादमाच्या ग्रुपवर शेतातले फोटो येतात, त्यात सेमिसी दिसतो का बघत होते. हात आपला चालू. हाताला काय, सवयीने चालतो.

नव्हता चालत. मी एक पात सोडून वर घेत गेले होते. केव्हापासून कोण जाणे! माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका माझ्या विणीला धरून पुढे गेलेल्या. सगळी तिरकी. कालोलाइने उठली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. 'फुसी, ही चटई माझ्या पोरीची की तुझ्या फोनची?' सगळ्या हसल्या. मला हसू नाही आलं.

उसवायला बसलो. नवी पात उसवताना मोडते. दुपार गेली. मी फोन पिशवीत टाकला तरी तो तिथून गुरगुरतच होता.

कालोलाइने जाताना म्हणाली, 'नवऱ्याला शोधत होतीस ना त्यात? मग फोन लाव त्याला. बोल.' जणू मी बोलत नाही!

१२ मार्च

आजपासून फोन पिठाच्या डब्यात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा काढायचा. बास.

१३ मार्च

पिठात हात घातला आणि तो आतून वाजला. मी किंचाळले, डबा पडला. सासूबाई म्हणतात, 'भाजून टाक आता त्यालाच.'

६ एप्रिल

डबा बदलला, मी नाही बदलले. काढून काढून डब्याचं झाकण सैल झालंय.

सेमिसीचा आवाज ऐकून आठवडा झाला. मी लावते, लागत नाही. लागतो तेव्हा तो शेतात असतो. आमचं लग्न झालं तेव्हा इथे फोन नव्हता कुणाकडे. तो मासेमारीला जायचा, मी धक्क्यावर बघत बसायचे, आला की दिसायचा. आता कुठे आहे, काय जेवला, सगळं कळतं. तो मात्र कळत नाही.

२९ एप्रिल

चूल पेटवायची राहिलीय. तरी लिहिते.

सकाळी मुकादमाचा निरोप आला. सेमिसीचं काम मालकाला पसंत आहे. तीन वर्षं सलग ठेवून घ्यायला तयार आहेत, मध्ये येणं-जाणं नाही. सेमिसी म्हणतो, बायकोला विचारा. येत्या सोमवारपर्यंत कळवा.

तीन वर्षं! आणि वर 'बायकोला विचारा'! मला फोन करायला ह्याला काय झालं? मी सासूबाईंसमोर नुसती फणफणत होते. 'बघा तुमचा लेक! तीन वर्षं म्हणे. घराचा कंटाळा आलाय त्याला, दुसरं काय. जानेवारीतही तेच. मी विचारलं होतं, घरी राहतोस का? तर तोंडातून अक्षर काढलं नाही!'

सासूबाई रताळी सोलत होत्या. म्हणाल्या, 'म्हणाला होता की.'

'काय म्हणाला होता?'

'हो म्हणाला होता. राहतो म्हणून.'

'कधी?'

'तू विचारलंस तेव्हाच. नारळ खवता खवता. भुवया वर केल्या त्याने. चांगल्या वर केल्या. मला झोप लागली असं वाटलं असेल त्याला, पण मी बघितलं ना.'

मी म्हटलं, 'मग मला का नाही सांगितलंत?'

'तुला काय सांगायचं? समोरच तर बसली होतीस! दिसलंच असेल म्हटलं. दिसूनही नाव पाठवलंस म्हणजे तुझं काही कारण असेल. छप्पर असेल, पोरीचं असेल. आणि खरं सांगू? तुझ्यापुढे तोंड उघडायचं तर आधी प्रार्थना करून यावं लागतं, बाई.'

आता हे काय मध्येच! विषय फोनचा चाललाय, माझ्या तोंडाचा नाही.

तो 'हो' म्हणाला होता. समोर बसून. आणि मी लाल कडेत गुंतले होते. त्या बाईने ती चटई घेतलीही नाही.

म्हणजे एवढे महिने तो तिथे हेच धरून बसलाय, की बायकोने बघितलं आणि तरी पाठवलं! म्हणून 'हं'. म्हणून 'नेहमीचंच'. म्हणून 'बायकोला विचारा'.

३० एप्रिल

फोन लावला. नाही लागला. निरोप लिहिला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. 'त्या दिवशी मला दिसलं नाही' हे असं बोटाने टाइप करून पाठवायचं? ज्या बोटाने घाण केली त्याच?

मेल्या फोनला आज मनसोक्त शिव्या दिल्या. सासूबाई कानांवर हात ठेवून आत गेल्या.

२ मे

लागला! पण चित्र येईना, नुसता आवाज. पाठीमागे ट्रॅक्टर.

मी म्हटलं, 'सेमिसी, तीन वर्षांचं कळलं मला. तुला घरी यायचंय का?'

शांत.

'सेमिसी?'

शांत. श्वास ऐकू येतोय. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. मेला भुवया तर वर करत नसेल? की नसेल करत? मला कसं कळणार!

'तोंडाने बोल!' मी ओरडले. 'मला दिसत नाही इथून! तोंडाने बोल रे!'

'मुकादम हाक मारतोय,' म्हणाला आणि ठेवला.

वर ओरडले मी. शाब्बास फुसी.

४ मे, रविवार

आज मुलांचा रविवार. पोरं पांढऱ्या कपड्यांत देवळात उभी राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतात. शेजारच्या घरातली धाकटी मधेच अडकली. सगळं विसरली. आईकडे बघितलं तर आईच्या तोंडापुढे फोन. बापाकडे बघितलं तर तिथेही फोन. सगळं देऊळ फोन धरून. बिचारी कुणाच्या तोंडाकडे बघून आठवणार? रडायला लागली. तेही सगळ्यांच्या फोनमध्ये आलं.

मला तिथे बसवेना. जेवणावळ सोडून धक्क्यावर गेले, तिथे रेंज चांगली येते. रविवारी धक्क्यावर चिटपाखरू नसतं. आज त्यालाही सुट्टी. लावला. लागला. चित्र आलं!

केवढा वाळलाय. टोपी मागे सारलेली, कपाळ उन्हाने सोललंय. मग मी हळू आवाजात म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

'सेमिसी, मी बघतेय. फक्त तुझ्याकडे बघतेय. घरी यायचंय का?'

त्याने बघितलं. भुवया वर गेल्या.

आणि चित्र गोठलं! तसंच. भुवया वर, तोंड अर्धं उघडं. हो म्हणतोय, की मी हळू बोलले म्हणून दचकलाय, की पलीकडे कुणी त्याच्या पायावर क्रेट ठेवलं? मी हलवला फोन, वर धरला, धक्क्याच्या टोकापर्यंत पळाले. तुटला. परत लागलाच नाही. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

त्या गोठलेल्या चित्राचा फोटो काढून ठेवायला हवा होता असं आत्ता वाटतंय. बरं झालं नाही सुचलं.

मुकादमाला लिहिलं, 'बायको म्हणते नको. पण एकदा त्यालाच विचारा, आणि त्याच्या तोंडाकडे बघून विचारा.'

७ मे

मुकादमाचं उत्तर आलं. 'विचारलं. सेमिसी नको म्हणतो. हंगाम संपला की घरी पाठवतो.'

रताळ्यांच्या टोपलीशेजारी बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, 'आता काय करपलं?' सांगितलं तर त्याही रडल्या. मग दोघींनी मिळून जेवण खरंच करपवलं.

२२ जून

कालोलाइनेच्या लेकीचं लग्न झालं. चटई सुरेख दिसली. आमची उसवलेली जागा मी शोधली, सापडली नाही.

आता विणायला जाताना फोन घरी ठेवते. हात दुखतात, मान दुखत नाही. बायका काय काय बोलतात! इतके दिवस मी त्यांच्यातच बसत होते आणि निम्मं मला माहीतच नव्हतं. कालोलाइनेला गुडघेदुखीने चालवत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. मला परवा कळलं.

१३ जुलै, रविवार

नवा नियम. कुणी बोलायला आलं की फोन पालथा. सासूबाई मुद्दाम येतात, काही बोलत नाहीत, नुसत्या बसून बघतात मी पालथा करते का. आज अशा तीनदा आल्या.

ग्रुपवाले रागावलेत. 'फुसी बदलली.' बदललीच! त्या एका यंत्रापायी माझा संसार तुटत होता. आता सेमिसी आला की आधी त्याला हेच सांगणार. चूक माझी होती, पण मूळ तो फोन. एकदा सांगितलं की सुटले.

२८ ऑगस्ट

आला!

फोटो काढला नाही. एलेनोआ तिकडून रुसलीय, नणंद रुसलीय. रुसोत. तो शिडी उतरताना शेवटपर्यंत बघत राहिले. गर्दीत त्याला मी लगेच दिसले नाही. मग दिसले. आईला आधी मिठी, मग माझ्यासमोर येऊन नुसता उभा. 'वाळलीस,' म्हणाला. मी म्हटलं, 'तू बोलूच नकोस!' दोघंही हसलो.

अळूची पानं केली. करपली नाहीत. तरी त्याने सवयीने पानाची कड बाजूला सारून बघितली.

सांगायचं होतं ते आज नाही सांगितलं. दमलाय. उद्या.

३१ ऑगस्ट, रविवार

देवळातून आल्यावर सांगून टाकलं. 'त्या दिवशी मी फोनमध्ये होते. तुझ्या भुवया वर गेलेल्या मी बघितल्याच नाहीत, सेमिसी. बघितल्या असत्या तर नाव पाठवलंच नसतं.'

तो पायरीवर बसला होता. म्हणाला, 'माहीत आहे मला. तू बघत नव्हतीस म्हणून तर वर केल्या. बघत असतीस तर माझी हिंमत झाली नसती.'

आणि मी एवढे महिने त्या फोनला शिव्या घालतेय.